टाकीवरचा बेडूक

भाऊ गेला म्हटल्यावर लोक सगळ्यात आधी एकच विचारायचे, "गाडीवरून पडला काय?"

"नाही. डेंग्यू झाला होता," मी सांगायची.

मग समोरच्याचा चेहरा जरा गोंधळायचा. मोटरसायकलवर एवढा जीव असलेला, सुट्टी मिळाली की घाट चढायला निघणारा तरुण मुलगा गेला म्हणजे रस्त्यावरच गेला असणार, हे त्यांनी मनाशी धरलेलं असायचं. आम्ही तरी वेगळं काय धरलं होतं? आई तर कित्येक वर्षं त्याच धास्तीत जगली. खाली स्टँड लावल्याचा आवाज आला की मगच ती कुकर चढवायची. सकाळी निघताना हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना बांधायची ती काळी कवचं, सगळं अंगावर आहे ना हे बघूनच दार लावायची. घरातल्या डासाची धास्ती कोण घेतं? हॉस्पिटलात नेला तेव्हा तो स्वतःच्या पायांनी आत गेला. काउंटरवरच्या बाईला आमच्यापेक्षा बऱ्या कानडीत त्यानंच सगळं सांगितलं, वर तिला हसवलंही. त्यानंतर तो घरी आला नाही.

गाडी राजाजीनगरच्या घराखाली उभी होती. धुतलेली, पुसलेली, कव्हर घातलेली. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. अप्पा कारखान्यातल्या नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, असं आमचं चालत आलं. मी लग्न होऊन महादेवपुऱ्याला गेले, ऑफिसही तिकडंच. भाऊ आईअप्पांजवळ राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगच्या काळ्याकुट्ट खड्ड्यात ग्रीसमध्ये हात घालून बसायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला उघडं आभाळ लागायचं. पहाटे निघायचा आणि संध्याकाळी उन्हानं रापून, धुळीनं माखून यायचा. येताना आईला कधी फणसाचे गरे, कधी चिकमगळूरची कॉफी पावडर, आणि गाडीला एक नवा स्टिकर.

स्टिकरांचं त्याला वेडच होतं. मागच्या मडगार्डवर लाल-पिवळा पट्टा. साइड पॅनेलवर डोंगर, एक हत्ती, गोकर्णच्या कुठल्याशा खानावळीनं फुकट वाटलेला मासा. हेडलाइटच्या वर आईनं स्वतः लावलेला सौंदत्तीच्या यल्लम्माचा छोटा स्टिकर. आणि टाकीच्या डाव्या बाजूला, तळहातापेक्षा मोठा, चष्मा घातलेला हिरवा बेडूक.

तो बेडूक मीच दिलेला. एके दिवशी भावाचा फोन आला, "अक्का, तुझ्या ऑफिसात ते स्टिकर वाटतात बघ लॅपटॉपवर लावायला. एखादा मोठा मिळंल काय?"

"कसला पाहिजे?"

"कसला पण चालतोय. मोठा पाहिजे. माझ्या हाताएवढा."

मी चारदोन नेले. त्यानं त्यातला सगळ्यात मोठा उचलला, त्यावर काय काढलंय हे नीट बघितलंही नाही. तो बेडूक निघाला.

अप्पांना स्टिकर मुळीच आवडायचे नाहीत. "गाडी आहे का शाळेचं दप्तर?" हे त्यांचं नेहमीचं. पण त्या बेडकावर त्यांचा विशेष राग. येताजाता म्हणायचे, "एवढी काळीभोर, आरशासारखी टाकी, आणि त्यावर बेडूक! कुणी शहाण्यानं बघितलं तर काय म्हणेल? काढ तो आधी." भाऊ हसायचा. "राहू दे की अप्पा. मला आवडतोय." अप्पा मग आणखी चिडायचे. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. कोण पाहुणे आले की अप्पा त्यांना खाली नेऊन बेडूक दाखवायचे, आपल्या मुलाचं डोकं कसं फिरलंय ते समजावं म्हणून. भाऊ बाजूला उभा राहून तेही ऐकून घ्यायचा.

तो गेल्यावर अप्पा रोज सकाळी खाली जाऊन कव्हर काढायचे, गाडी थोडा वेळ चालू ठेवायचे आणि फडक्यानं पुसायचे. स्टिकरांच्या कडांमध्ये धूळ बसते, तीही फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून काढायचे. आई वरून तो इंजिनाचा आवाज ऐकायची. मग एका सकाळी मी तिथं असतानाच तिनं हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि कान दाबून खाली बसली.

"विकून टाका ती," ती म्हणाली. "रोज आवाज झाला की मला वाटतं आला. रोज. मी उठून दारापर्यंत जाते गं."

अप्पा वर आले तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. ते आईकडे बघत उभे राहिले. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी चालू करायचं थांबवलं.

ओळखीतल्या कुणाकडून तरी होसकोट्याचा एक मुलगा गाडी बघायला आला. तिकडच्या एका कारखान्यात कामाला होता, नुकतंच लग्न झालेलं. बायकोला घेऊनच आला होता. गाडीभोवती तो दोनदा फिरला, वाकून साखळी बघितली, आणि खूश होऊन म्हणाला, "फार निगुतीनं वापरलीय. मालक कुठं आहेत?"

अप्पा म्हणाले, "गावाला गेलाय."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"गाडी मला पसंत आहे अंकल," तो मुलगा म्हणाला. "फक्त हे स्टिकर काढून द्याल काय? मी काढायला गेलो तर रंग खराब करीन. तुमच्या मुलाला माहीत असेल कसे काढायचे."

"काढून ठेवतो," अप्पा म्हणाले.

ते गेल्यावर मी विचारलं, "अप्पा, खोटं कशाला सांगितलंत?"

"तोंडातून आलंच नाही," ते म्हणाले. "मी सांगणारच होतो. दुसरंच आलं."

स्टिकर काढायचं काम माझ्यावर आलं. मी रविवारी सकाळी महादेवपुऱ्याहून निघाले, नवऱ्याला म्हटलं तू येऊ नकोस. तो मला नीट ओळखतो, त्यानं आग्रह केला नाही. येताना माझा केस वाळवायचा ड्रायर पिशवीत घातला. कसे काढायचे ते मी फोनवर बघून ठेवलं होतं. ब्लेड लावायचं नाही, नेलपॉलिशचं रिमूव्हर लावायचं नाही, रंग जातो. आधी ऊब द्यायची, डिंक मऊ झाला की नखानं कड उचलायची आणि हळूहळू, अगदी पृष्ठभागाला लागून मागं ओढत न्यायचं. उरलेल्या चिकट्याला तेल.

अप्पांनी वरच्या खिडकीतून वायर सोडली. मी खाली पाट टाकून बसले आणि मागच्या मडगार्डापासून सुरुवात केली.

सोपं असेल असं वाटलं होतं. पण मागच्या पट्ट्यानं इतकी वर्षं ऊन खाल्लं होतं की तो वाळलेल्या पापडासारखा झालेला. कड उचलली की तुकडा मोडून हातात यायचा, नखाएवढा, कधी तेवढाही नाही. ड्रायर धरायचा, खरवडायचं, फुंकायचं, पुन्हा धरायचा. डोंगर मात्र अख्खा निघाला. हत्तीचे पाय निघाले, पाठ राहिली. मासा काढला तर त्याच्याखाली माशाच्याच आकाराचा रंग, नवाकोरा, काळाकुळकुळीत. भोवतालचा रंग उन्हानं उडाला होता, पण झाकलेला तसाच राहिला होता. मी त्यावर तेल चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. आकार जाईना. तो जाणारच नव्हता, तिथं चिकटा नव्हताच. हे लक्षात आल्यावर मी तशीच पाटावर बसून राहिले. एवढा वेळ रडू आलं नव्हतं. तेव्हा मात्र आवरेना. ड्रायर चालूच होता, त्यामुळं वर कुणाला ऐकू गेलं नसावं.

थोड्या वेळानं अप्पा नीलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन खाली आले. माझा चेहरा बघितला. शेजारी बसले आणि कापसाचा बोळा तेलात बुडवून चिकटा पुसायला लागले. आम्ही दोघं असे बाजूबाजूला बसून काम करतोय हे शेवटचं कधी झालं होतं मला आठवेना. गाडीच्या कामात ते मुलाबरोबरच बसायचे. भांडत भांडत, पण त्याच्याबरोबरच.

"हा कुठला?" अप्पांनी अर्धवट निघालेल्या हत्तीकडे बोट केलं.

"सकलेशपूर असेल."

"माझ्या मागं लागला होता तिकडं चला म्हणून. मी म्हटलं माझी कंबर काय मोटरसायकलवर बसायची राहिली आहे."

एवढ्यात आई जिना उतरून खाली आली. तो गेल्यापासून ती गाडीजवळ आली नव्हती. ती सरळ हेडलाइटपाशी गेली. यल्लम्माचा स्टिकर काढायला आम्हा दोघांचाही हात धजला नव्हता, तो तसाच होता. आईनं पदरानं तो आधी पुसला. मग नखानं कड उकरायला लागली.

"आई थांब, गरम करून देते," मी म्हटलं.

"नको."

ती उकरत राहिली. स्टिकर जुना होता, पण सावलीत राहिलेला, हळूहळू सुटत आला. आईनं तो तळहातावर घेतला. "रस्त्यावर राख म्हटलं होतं," ती म्हणाली. "रस्त्यावर राखलं तिनं. मीच तेवढंच मागितलं." मग तो स्टिकर मुठीत धरून ती वर गेली. नंतर मला तो तुळशीच्या कुंडीत, मातीला टेकवून उभा केलेला दिसला. देव्हाऱ्यात तिनं ठेवला नाही आणि टाकूनही दिला नाही.

ऊन खाली उतरून गेटाशी आलं तेव्हा फक्त बेडूक राहिला होता.

अप्पा म्हणाले, "हा मी काढतो."

मी ड्रायर धरला. अप्पांनी अंगठ्याच्या नखानं एक कड उचलली. माझ्या ऑफिसचे स्टिकर चांगल्या जातीचे, जाड प्लास्टिकचे. तो फाटला नाही. हळूहळू, चष्म्यापासून पायांकडे, एका तुकड्यात निघत गेला. अर्ध्यावर आला तसा अप्पांचा हात थांबला.

टाकीवर एक लांब ओरखडा होता. साधासुधा नव्हे, खोल, खालचा पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडून नेलेला. ओरखड्याच्या शेवटी पत्र्याला गोल पोचाही आला होता. कुणीतरी त्यावर काळं नेलपॉलिश लावून बघितलेलं दिसत होतं, पण ते जमलं नव्हतं.

"पडला होता काय तो कधी?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला सांगितलं नाही त्यानं."

"पडला असता तर हँडलला, पायाजवळ लागलं असतं की अप्पा. इथं नुसत्या टाकीलाच कसं लागेल?"

उरलेला बेडूक अप्पांनी काढून माझ्या हातात दिला आणि उठले. त्यांची जुनी स्कूटर पलीकडे गेटाजवळ लावलेली होती. आमच्या घराखालची जागा अरुंद, जिन्याची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन गाड्या बसतील एवढी. भाऊ आपली गाडी भिंतीला चिकटून लावायचा, आणि अप्पा बाजारातून आले की तिच्या डावीकडून स्कूटर आत घालायचे. ते घालताना कधी अंदाज चुकायचा, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी तर जास्तच.

अप्पांनी स्कूटर हातानं ढकलत आणली. रोज आणायचे तशीच, मोटरसायकलच्या बाजूनं आत. हँडलच्या ब्रेकच्या दांड्याला टोकाशी लोखंडी गोळी असते. ती टाकीपाशी आली. ओरखड्याच्या बरोबर सुरुवातीला. अप्पांनी स्कूटर आणखी वीतभर पुढं ढकलली. गोळी ओरखड्यावरून, न लागता, सरकत गेली आणि पोच्याशी थांबली.

मला फोनवरचा भावाचा आवाज आठवला. कसला पण चालतोय. मोठा पाहिजे.

अप्पांनी स्कूटर स्टँडवर लावली. मग ते पाटावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. "मी आत आलो, आणि मला कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले. पुन्हा थोड्या वेळानं, "दोन वर्षं मी त्याला..." आणि वाक्य तसंच राहिलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मुलगा गेला त्या दिवशी, नंतर सगळे विधी झाले तेव्हा, अप्पा रडले नव्हते. पाहुण्यांना चहा दिला का, गुरुजींना रिक्षा मिळाली का, हेच बघत राहिले होते. त्या रविवारी भर दुपारी, शेजारच्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, ते लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून रडले. शेजारच्या काकू जिन्यावरून उतरत होत्या, त्या तिथूनच मागं फिरल्या आणि आईला बोलवून आणलं. आईनं ओरखडा बघितला, स्कूटर बघितली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती खाली बसली आणि तिनं अप्पांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. माझ्यासमोर त्यांना असं जवळ बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

आठवड्यानं तो होसकोट्याचा मुलगा आणि त्याची बायको गाडी न्यायला आले. मला वाटलं होतं, अप्पा आता द्यायचं नाही म्हणतील. मीही मनातून तेच मागत होते. पण त्यांनी कव्हर काढलं आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली.

"मागच्या वेळी मी खोटं बोललो. मुलगा गावाला नाही गेला. वारला. तुम्हाला नको असेल तर गाडी नेऊ नका, माझं काही म्हणणं नाही."

तो मुलगा गडबडला. "ॲक्सिडेंट..."

"नाही. ताप."

मग त्याची बायको पुढं आली आणि तिनं गाडीच्या सीटवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. नवऱ्याला म्हणाली, "आपण नेऊ या." आणि अप्पांना, "हे हळू चालवतात, अंकल. मी मागं बसते ना, वेगानं चालवूच देत नाही."

मुलाचं लक्ष टाकीकडे गेलं. "हे काय झालं?"

"ते माझ्याकडून झालंय," अप्पा म्हणाले.

"काही हरकत नाही. आमच्याकडं टाकी रंगवणारा एक चांगला माणूस आहे. स्वल्प घासून रंग मारला की कळणारसुद्धा नाही."

अप्पा त्या ओरखड्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते म्हणणार, राहू द्या तसाच. त्यांचे ओठ हललेही. पण ते म्हणाले, "सरी. रंगवून घ्या. पाऊस लागला तर गंजेल."

किल्ली देताना त्यांनी त्याला बरंच काही सांगितलं. सकाळी थंडीत चोक किती ओढायचा, साखळीला कुठलं तेल, मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो. सगळं भावाचंच ज्ञान होतं, भावाच्याच शब्दांत. तो मुलगा हो अंकल, हो अंकल म्हणत होता. मग त्यानं किक मारली. आई वर दाराशी येऊन उभी होती, ते मला नंतर कळलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली, मोठ्या रस्त्याच्या गर्दीत तिचा आवाज थोडा वेळ वेगळा ऐकू येत राहिला, आणि मग येईना.

मला वाटायचं, काळ गेला की अप्पा यावर बोलायचं टाळतील. उलट झालं. दिवाळी झाल्यावर मी एकदा माहेरी राहायला गेले होते. सकाळी आम्ही दोघं गच्चीवर होतो, आईनं वाळत घातलेल्या मिरच्या ते पालथ्या घालत होते. एकदम म्हणाले, "त्यानं मला सांगायला पाहिजे होतं."

मी विचारलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्यांनी खरंच विचार केला. एक मिरची उचलून तिचा देठ मोडत बसले.

"त्यालाच ओरडलो असतो," ते म्हणाले. "गाडी अशी मध्येच का लावलीस म्हणून."

आणि ते हसले. तो गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. मलाही हसू आलं, कारण ते अगदी तसंच ओरडले असते, आणि भाऊ अगदी तसाच मान खाली घालून उभा राहिला असता. मग हसता हसता त्यांचा चेहरा पिळवटला. ते पाठ फिरवून कठड्याकडे गेले आणि खालच्या गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. मी उरलेल्या मिरच्या पालथ्या घातल्या.